पडताळणी

प्रमाण वजनं उघड्या बोटांनी उचलायची नाहीत,
हे खात्यानं पहिल्याच दिवशी शिकवलं.
बोटांचा घाम पितळेवर बसतो
आणि घामालाही वजन असतं.
चोवीस वर्षं मी हातमोजे घालून
मखमलीच्या खाचेतला किलो
अंडं उचलावं तसा उचलते.

मावशी अजून विचारते, सदरच्या चर्चबाहेर, चपला शोधताना :
"शुलमिथ, तुला पाचारण होतं गं.
सेमिनरीचा फॉर्मसुद्धा भरला होता तुझ्या बाबांनी."
भरला होता. मी परीक्षा दिली वैधमापनाची.
रात्री कुणीतरी नावानं हाक मारतं म्हणे.
मी जागी राहून पाहिलं.
अजनीच्या यार्डात शंटिंग चालायचं,
तेवढंच ऐकू आलं.

यंदा उपवासकाळात कळमन्याला गेले,
मिरचीचे ढीग, शिंकांवर शिंका.
काटोलच्या एका पोरानं
घरून मोजून आणलेलं संत्र्यांचं क्रेट
अडत्याच्या काट्यावर ठेवलं
आणि मला विचारलं,
"मॅडम, काटोलहून इथवर येता येता
संत्रं तीनशे ग्रॅम सुकते काय?"

हसले सगळे. मी पेटी उघडली.
वीस किलो ठेवले, काट्यानं एकोणीस सातशे सांगितले.
शिसं शाबूत. शिशावर ठसा आमच्याच खात्याचा.
प्रमाणपत्रावर निरीक्षक ढाकाटे.
त्याखाली उपनियंत्रक म्हणून
माझी सही.

नऊ जानेवारी.
तेव्हा सुधाकर मेडिकलच्या वॉर्डात होता,
आणि फायली कॉरिडॉरमध्ये यायच्या.
दोन सलाइनच्या मधल्या वेळात
गुडघ्यावर ठेवून मी चाळीस सह्या केल्या,
एकही कागद न वाचता.

ढाकाटे संध्याकाळी केबिनमध्ये आला.
रडला नाही, पोरीच्या फीचंही काढलं नाही.
खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला,
"मॅडम, तुम्ही तं चर्चवाले.
माफी कराचं काम तुमचंच ना?"

कूलरला पाणी नव्हतं, नुसता खडखडत होता.
इतक्या वर्षांत माझ्या विश्वासाबद्दल
ऑफिसात कुणी काही विचारलं असेल
तर एवढंच.
आणि मला उत्तर आलं नाही.

अहवाल रात्री घरी लिहिला.
पहिला परिच्छेद त्याच्यावर होता. खोडला.
मग लिहिलं : न वाचता सही केली, ती मी.
दुसऱ्या परिच्छेदात तो.
साहेबांचा फोन आला, आवाजात काळजी खरी होती :
"तुमचं नाव कशाला? यादी यायचीय पुढच्या महिन्यात.
सही ही एक औपचारिकता असते हो."
असते. म्हणूनच तर.

ढाकाटेला सांगितलं, चौकशी होईल,
आणि त्या दिवशी मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसेन.
"हे माफी झाली काय?" म्हणाला.
माहीत नाही रे.
रविवारी गुडघे टेकून मागितली, दोघांसाठी.
माझ्यासाठी पटकन मागून झाली.
त्याच्या नावाशी जीभ अडली,
कारण राग होता, अजूनही आहे,
वीस किलोत तीनशे ग्रॅमइतका तरी.

काल कळमन्यात बावन्न काटे पुन्हा तपासले.
अडत्यांनी चहा विचारला नाही.
ढाकाटेच्या जागी आलेली नवी पोरगी
सारखी हातमोजे सावरत होती,
मोठे होते तिला.
मी माझे काढून दिले.

मग एक क्रेट कलंडलं,
संत्रं घरंगळत माझ्या सँडलशी आलं,
गरम, धुळीचं, देठाला एक पान.
उघड्या बोटांनीच उचललं
आणि ज्याचं होतं त्याच्या क्रेटमध्ये ठेवलं.
काट्यावरचे आकडे थोडे हलले.
थांबेपर्यंत
आम्ही दोघी वाट बघत उभ्या.